फुकटात मिळालेलं आकाश

माझ्या सासूबाईंचं, कलावतीबाईंचं, फुकटाशी जन्माचं वाकडं. जयपूरच्या भाजीवाल्या भैयानं पालकाच्या जुडीवर आपण होऊन चार मिरच्या टाकल्या, तरी त्या वेचून परत त्याच्या हातगाडीवर ठेवायच्या. मी नागपूरची, 'फुकट ते पौष्टिक' ह्या पंथाची. लग्न होऊन ह्या रेल्वे कॉलनीत आले, त्या वर्षी मिरच्यांवरूनच आमची पहिली खडाजंगी झाली. मिरच्या अर्थात परत गेल्या.

त्यामुळे दोन हजार चारच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानं, स्वप्नीलनं, जयंती मार्केटमधून कॉम्प्युटर आणला तेव्हा खोक्यांबरोबर आलेली काळी पिशवी बघून मी आधीच धास्तावले. चेन लावलेली पिशवी, आणि आत प्लास्टिकच्या कप्प्यांत सीड्या. जोडणी करायला आलेला माणूस म्हणाला, "ये सब फ्री है माताजी. कंप्यूटर के साथ आता है."

आई, म्हणजे सासूबाई, दारातच उभ्या होत्या. "कशापायी?" त्या मला म्हणाल्या. "इच्यार त्याला, कशापायी देतूय?"

मी विचारलं. तो हसला. "सबको देते हैं, माताजी."

हे काही उत्तर झालं नाही, असं आईंचं तोंड सांगत होतं. पण सगळ्यांनाच देतात म्हटल्यावर त्यांना परत करायलाही कारण सापडेना. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. "आता आलंच हाय तर उघडून बघायचं. काय काय दिलंय ते ठावं पायजे. न बघता घरात ठिवायचं न्हाई."

झालं. तेव्हापासून रोज दुपारी भांडी झाली की वाळा भरलेला कूलर सुरू करायचा, खिडकीवर जाड पडदा ओढायचा आणि आम्ही सासूसुना कॉम्प्युटरपुढं बसायचो. मी खुर्चीवर, त्या बाजूला वेताच्या बुटक्या मोड्यावर. मी बी.कॉम. आणि वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, तेव्हा माउस माझ्या हातात. हुकूम त्यांचा.

त्यांना शाळा मिळालीच नव्हती. बार्शीकडच्या एका खेड्यात शेतमजुराच्या घरी जन्म. बाप त्या रांगत असतानाच गेला. त्यांची आई त्यांना घेऊन कुर्डुवाडीला आपल्या भावाकडे आली आणि तिथं मजुरी करत राहिली. लग्न झालं ते सुखदेवरावांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी. बाबांना पश्चिम रेल्वेत नोकरी लागली, गाडीच्या डब्यांतले दिवे आणि पंखे दुरुस्त करायची. मग मुंबई, रतलाम आणि शेवटी जयपूर. आईंनी अक्षरं शिकली ती स्टेशनांच्या पाट्यांवरून. गाडी थांबली की पाटी वाचायची, हा त्यांचा अभ्यास. अजूनही त्या कुठलाही शब्द वाचताना गाडी फलाटाला लागावी तशा सावकाश थांबत थांबत वाचतात, आणि चुकत नाहीत.

पहिली सीडी टायपिंग शिकवायची निघाली. दुसरीत पत्त्यांचे डाव. तिसऱ्या सीडीनं घरात वादळ उठवलं, कारण ती कुंडली बनवायची होती. संध्याकाळी बाबांनी ती बघितली आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बोट केलं. "बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे हे. ग्रहबिह इथं चालायचे नाहीत." कुंडली त्याच क्षणी पुसली गेली. आईंना वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की नीट बघायची राहिली.

चौथी सीडी ज्ञानकोशाची. तिच्यात जगाचे नकाशे होते, हत्ती चीत्कारायचे, ज्वालामुखी फुटायचे. आई दोन दिवस तिच्यातून बाहेर येईनात. "समदं जग दिलंय आन् पैसं न्हाई घेतलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आता संशयाचा राहिला नव्हता. थोड्या घाबरल्याच होत्या म्हणाना.

आणि मग पाचवी लावली.

पडदा काळा झाला. मग एकेक करत चांदण्या उगवल्या, खाली हिरव्या रंगाची जमिनीची पट्टी आली, तिच्यावर पूर्व, पश्चिम अशा दिशा. कोपऱ्यात गावाचं नाव आणि तारीख-वेळ टाकायची जागा. मी जयपूर निवडलं, आजची रात्र टाकली. अंगणात बाजेवर पडलं की जे दिसतं, ते पडद्यावर हजर झालं. वेळेचं बटण दाबून धरलं की सगळं आकाश हळूहळू पश्चिमेला कलायचं. मी सहज वर्ष बदललं, माझ्या जन्माची तारीख टाकली. त्या पहाटे नागपूरवर शुक्र होता, हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं.

आई मोड्यावरून पुढं वाकल्या. मग म्हणाल्या, "कुटलाबी दिवस दावतंय?"

"कुठलाही."

"ह्यात माज्या मायचं आभाळ हाय का?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. लग्नाला वर्ष झालं तरी ती माझ्या कानावर आली नव्हती, कारण ह्या घरात ती सांगायची बंद झाली होती.

"माज्या मायनं सांगितलेलं. दिव्याची अवस हुती. माय रानात खुरपाय निघाल्ती, दिस भरल्याले. त्या दिशी गिराण. बामनानं पंचांग वाचून गावाला सांगितलं हुतं, समदी दारं लावून आत बसल्याली. आमच्या वस्तीत येऊन कोन सांगनार? बाकीच्या बायांना वाटंतनं कुनी तरी माघारी लावलं, माय आदीच पुढं गेल्ती. रानात एकली. तितं वेणा सुरू झाल्या. बांधाला पडली. ढग पातळ हुतं, वर बघितलं तर सूर्याची बांगडी झाल्याली. मधी काळं, आन् कडंनं झळझळीत बांगडी. मग मी झाले."

"मग?"

"मग काय? हसायचे समदे. मामाच्या गावात तर लईच. गिराणात सूर्य कुरतडल्यावानी दिसतो, न्हाई तर काळा ठिक्कर पडतो, बांगडी कुटनं आनली म्हनायचे. वेणांत बाईला कायबी दिसतं म्हनायचे. तुजे सासरे म्हनायचे, कासाराला बोलवून भरून घ्यायची हुतीस." त्यांनी पदर सारखा केला. "माय थकल्यावर हितं आल्ती माज्याकडं. स्वप्नीलला सांगाय लागली बांगडीचं. म्या म्हनलं, आता बास कर गं माय, पोरं बी हसतील. परत न्हाई सांगितलं तिनं. गेलीच मग."

बाहेर लूचा गरम वारा वाजत होता. आई पडद्यावरच्या चांदण्यांकडे बघत होत्या. "एवढं बघ," त्या म्हणाल्या. "माय खरं बोलत हुती का येडी हुती, एवढंच बघ."

मी कामाला लागले. गावांच्या यादीत बार्शी नव्हती. मग पुन्हा ज्ञानकोशाची सीडी लावली, तिच्या नकाशात सोलापूर शोधलं. आई म्हणाल्या, "जरा वर घे. बार्शीच्या अंगाला." तिथले अक्षांश-रेखांश घेऊन आकाशाच्या सीडीत घातले. एका फुकटानं दुसऱ्या फुकटाला वाट दाखवली. रेल्वेच्या मेडिकल कार्डावर आईंचं जन्मसाल अठ्ठेचाळीस होतं. दिव्याची अवस म्हणजे श्रावण लागायच्या आदला दिवस, जुलै नाही तर ऑगस्ट. त्या साली तिथं गेले, सूर्य मोठा करून घेतला आणि वेळेचं बटण दाबून धरलं.

चंद्राची काळी टिकली आली. आईंनी मोड्याची कड धरली. टिकली सूर्याच्या बरीच खालून निघून गेली.

मी पुढचं वर्ष घेतलं, मग त्याच्या पुढचं. बावन्नपर्यंत गेले. मागं वळून सत्तेचाळीस बघितलं, सेहेचाळीस बघितलं. दर अवसेला चंद्र यायचा आणि कधी वरून, कधी खालून सूर्याला चुकवून जायचा. सेहेचाळीसला मी थांबले. त्याच्या मागं जायचा विचार मला शिवलासुद्धा नाही. बाबांचा जन्म सेहेचाळीसचा. नवऱ्याच्या आधी बायको कशी जन्मेल? आईंच्याही मनात ते आलं नाही. आम्ही दोघी शहाण्या एकमेकींकडे बघत बसलो.

"न्हाई ना?" आई म्हणाल्या.

"नाही दिसत, आई."

"म्हंजी कायच न्हवतं. गिराण बी न्हवतं." त्या उठल्या. "ऱ्हाऊ दे. ती पिशवी परत दिऊन यी दुकानात."

पुढचे दोन-तीन दिवस दुपारी मोडा रिकामा राहिला. त्या स्वयंपाकघरात बसून उगाच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. हसणारे लोक आयुष्यभर होतेच, त्यांना त्यांनी कधी जुमानलं नव्हतं. ही गोष्ट वेगळी होती. आता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ज्या मशीनला जगातले सगळे हत्ती ठाऊक होते त्यानंच त्यांच्या आईला खोटं पाडलं होतं. मला माझाच राग आला. कशाला उघडली ती सीडी? त्यात स्वप्नीलनं आणखी एक पाचर मारली. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं येत होती, ती त्यानं वाचून दाखवली. "ते ट्रायल आहे, मतलब थोडे दिवस फ्री. रविवारपासून उघडणार नाही. मग डॉलर भरायचे." जन्मभर फुकटाच्या विरोधात बोलणाऱ्या बाईंना हे ऐकून जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

शनिवारी बाबा ड्यूटीवरून लवकर आले. हातपाय धुतले, चहा घेतला. आई चहा ठेवून न बोलता आत गेल्या. बाबांनी मला विचारलं, "काय झालंय हिला?" मी सगळं सांगितलं. वर्षं कुठून कुठपर्यंत बघितली तेही सांगितलं. बाबा कप हातात धरून बसले. चहावर साय धरली तरी बसलेलेच. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं, तिथं ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अश्लेषा, अजून मागं जा."

"किती मागं?"

"जा तू. ती माझ्याहून मोठी आहे."

आत तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. आई दारात आल्या. "काय म्हनलात?"

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "तुझ्या मामानं सांगितलं होतं मला. स्वप्नीलच्याही आधी, मोठ्या पोरीच्या बारशाला आला होता तेव्हा. पोरगी विशीची झाली होती, कोणी करून घेईना, बापाविना पोर, म्हणून चार वर्षं कमी करून सांगितली म्हणाला. मला म्हणाला, माफ कर."

"आन् तुमी?"

"मी काय बोलणार? डेपोत कळलं असतं तर लोकांनी जगू दिलं असतं का? बायको मोठी." बाबांनी कप खाली ठेवला. "तू लग्नात माझ्यापेक्षा उंच दिसत होतीस. मामा म्हणाला होता, तिच्या पायाखाली पाट आहे. पाट-बीट काही नव्हता, मी बघितलं होतं."

हा माणूस चाळीस वर्षं बायकोचा नवरा म्हणून घरात मोठेपणानं वावरला होता. तो मोठेपणा त्यानं सुनेच्या देखत चहाच्या कपाबरोबर खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही येत होतं. मी दोन्ही लपवायला कॉम्प्युटर लावला.

आई मोड्यावर येऊन बसल्या. बाबा खुर्चीमागं उभे. सूर्य मावळायला अजून अवकाश होता, पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप कळफलकावर पडली होती. पंचेचाळीस साल घातलं. चंद्र वरून निघून गेला. मी चव्वेचाळीस घातलं. जुलै महिना. वीस तारीख, गुरुवार. सकाळ.

काळी टिकली आली आणि ह्या वेळी ती चुकली नाही. सूर्याच्या कडेला टेकली. मग सूर्य थोडा खाल्ला गेला, मग अर्धा, मग नुसती कोर उरली. मला वाटलं, आता मिटणार. टिकली मधोमध आली, आणि तिच्या भोवती सगळीकडून उजेडाची एक बारीक, अखंड कड उरली.

बांगडी.

मी बटणावरचं बोट उचललं आणि सगळं तिथंच थांबलं. साठ वर्षांपूर्वीची ती सकाळ. तिची नोंद कोणी ठेवली नव्हती. तिथं एका बाईशिवाय कोणी वर बघितलं नव्हतं. आणि ती जशीच्या तशी आमच्या क्वार्टरमध्ये, कूलरच्या घरघरीत उभी होती. मला भीती वाटली म्हटलं तरी चालेल. आकाश असं कुणाचं काही विसरत नाही, हे मला माहीतच नव्हतं. आपण खोटं ठरवलेल्या माणसांचंही सगळं वर कुठंतरी नीट ठेवलेलं असतं, आणि विचारलं तर ते दाखवतं.

बाबांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून आईंच्या खांद्यावर ठेवला. "मी हसायला नको होतं," ते म्हणाले.

आईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या. "ल्हान कर," त्या मला म्हणाल्या. "मायनं बघितली तेवढी कर. आन् जमीन दाव."

मी सूर्य लहान करत गेले. आकाश पसरत गेलं, बांगडी एवढीशी झाली, आणि खाली ती हिरवी पट्टी आली. त्या पट्टीवर काहीच नव्हतं. झाड नाही, घर नाही, नुसता सपाट हिरवा रंग आणि दिशांची अक्षरं. बनवणाऱ्यांना वरच्याशीच मतलब होता. आईंनी पदरानं बोट पुसलं आणि त्या हिरव्या रंगावर, बांगडीच्या बरोबर खाली, टेकवलं.

"हितं हाय माय," त्या म्हणाल्या.

बोट तिथंच होतं. मी बघितलं तर त्या रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा ऐकणाऱ्या माणसासारखा झाला होता. "समदं गाव दारं लावून बसलंय," त्या हळूच म्हणाल्या. "आन् तिला एकलीला दावलं. खरं बोलत हुतीस गं माय. म्याच तुला गप बसीवलं."

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी विचारलं, "आई, हे असंच ठेवू? आज रात्रभर राहू दे चालू?" उद्या रविवार, ते उघडणार नव्हतं. मला ती सकाळ जाऊ द्यायची नव्हती.

आईंनी मान हलवली. त्यांचं बोट अजून हिरव्या पट्टीवर होतं, आता ते हलकेच पुढं-मागं फिरत होतं, कुणाच्या तरी कपाळावरून फिरावं तसं.

"न्हाई. सोड सूर्याला," त्या म्हणाल्या. "किती येळ पडून ऱ्हाईल ती रानात? बाळ-बाळंतीण घरी जाऊंद्यात."